सव्वीस वेळा लिहिलेली अट

नोकरीत असताना कुणी कामाबद्दल विचारलं की मी ‘कॉम्प्युटर सांभाळतो’ एवढंच सांगायचो. माझ्या मेहुण्याला कितीतरी वर्षं वाटत होतं की माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी बंद पडलेला लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवायचं आणि मीही मुकाट्यानं चार्जर नीट बसलाय का ते बघायचो. निम्म्या वेळा बिघाड तेवढाच असायचा, आणि माझी मंडळातली अर्धीअधिक कीर्ती त्या चार्जरवर उभी आहे.

आता निवृत्त झालोय, तर खरं काम काय होतं ते सांगतो. त्यातली एक गोष्ट नोकरीत असतानाच सांगायला हवी होती. तेव्हा सांगितली नाही.

आमची कंपनी बंगळूरच्या इंदिरानगरमध्ये एका बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होती. आम्ही दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचो. सीएंची ऑफिसं, दोन शाळा, एक्स-रे काढणारी केंद्रं आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पीण्या या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने. पुण्याहून मी बंगळूरला आलो तेव्हा हे काम पायांनी व्हायचं. सीडीचा गठ्ठा बॅगेत टाकायचा, एकेका कारखान्यात जायचं, एकेका मशीनपुढे बसायचं. दहा मशीन झाली की अकराव्याला कंटाळा यायचा आणि एखादी गोष्ट राहून जायची. माझी पद्धत वेगळी, सहकाऱ्याची वेगळी. सहा महिन्यांनी एकाच कारखान्यातली दोन मशीन एकमेकांना ओळखायची नाहीत.

मग स्क्रिप्ट आल्या. स्क्रिप्ट म्हणजे एक फाइल. मशीनवर काय काय करायचं त्याच्या पायऱ्या तिच्यात एकाखाली एक लिहायच्या. हे सॉफ्टवेअर घाल, ते काढ, ही सेटिंग बदल, मशीन बंद करून चालू कर. फाइल एकदा सोडली की शेकडो मशीनवर तेच काम, त्याच क्रमानं, कंटाळा न करता होतं. मी बेकरीच्या वर बसून चहा प्यायचो आणि पीण्यातली दोनशे मशीन आपापली सरळ व्हायची. या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे.

फक्त सगळी मशीन सारखी नसतात. म्हणून पायरीच्या खाली अट लिहावी लागते. ‘अमुक असेल तरच हे कर.’ आमच्या कारखान्यांत दोन जातींची मशीन होती. एक ऑफिसची, बिलं आणि पत्रं करणारी. दुसरी ड्रॉइंगची, ज्यांच्यावर सुट्या भागांचे नकाशे काढतात. ड्रॉइंगची मशीन नाजूक. त्यांना उगाच हात लावायचा नाही. त्यामुळे माझ्या फाइलमध्ये बहुतेक पायऱ्यांखाली एक ओळ होती: हे मशीन ड्रॉइंगचं नसेल तरच.

ही ओळ मी सव्वीस वेळा लिहिली होती.

या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. एकच अट पुन्हा पुन्हा लिहायची नसते. लग्नाच्या स्वयंपाकात आचाऱ्याला प्रत्येक पदार्थाला ‘कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी’ असं सांगत बसत नाहीत. त्यांची चूल वेगळी मांडतात आणि काय ते एकदाच सांगतात. तसंच ज्या पायऱ्यांना एकच अट लागू आहे त्या एकत्र बांधायच्या आणि अट वर एकदाच लिहायची. सव्वीस ठिकाणी लिहिली की कधीतरी सत्ताविसाव्या ठिकाणी राहून जाते. किंवा बदलायची वेळ आली की पंचवीस ठिकाणी बदलते आणि एक जुनीच राहते. कंपनीत नव्यानं येणाऱ्यांना हे शिकवणारा मीच होतो. फळ्यावर खडूनं लिहून शिकवायचो. माझी स्वतःची फाइल मात्र मी एकेक पायरी वाढवत गेलो. वरची पायरी उचलायची, खाली चिकटवायची, नाव बदलायचं. नंतर कधीतरी सरळ करू म्हणायचो. चालू असलेल्या फाइलला हात लावायचा धीर होत नाही, हेही खरं.

त्या फाइलच्या दुसऱ्या टोकाला जी माणसं होती त्यांच्यात लीलाअक्का होत्या.

लीलाअक्कांचा पीण्यात प्रेस टूलचा कारखाना होता. पत्र्याला दाबून आकार देणारे डाय त्यांच्याकडे बनत. त्यांचं घराणं इथलंच, कैक पिढ्यांचं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की मला पहिल्यांदा समजायलाच वेळ लागला. मला त्या अण्णा म्हणायच्या. कारखाना त्यांच्या यजमानांनी, गोविंदरावांनी उभा केला होता. प्रत्येक डायचं ड्रॉइंग ते स्वतः काढत, आधी कागदावर, मग वयाच्या पन्नाशीत शिकून कॉम्प्युटरवर. ड्रॉइंगच्या कडेला मराठीत बारीक टिपा लिहायची त्यांना सवय होती. ‘इथे पत्रा अडकतो.’ ‘डाव्या हाताला जागा ठेवा, बोट जाईल.’ गोविंदराव गेले तेव्हा कारखाना विकायला सगळ्यांनी सांगितलं. अक्कांनी ऐकलं नाही. स्वतः ऑफिसच्या काचेमागे बसू लागल्या.

कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता. आमची स्क्रिप्ट शनिवारी दुपारी, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत चालायची. अडीच वाजले की त्यांचा फोन यायचाच.

“झालं काय अण्णा तुमचं?”

“झालं, अक्का.”

“सगळं सरी आहे न्हवं?”

“सगळं सरी.” ‘ठीक’ला त्यांच्यासारखं कानडीत ‘सरी’ म्हणायची मलाही सवय झाली होती.

“सरी, सरी. मग सोडते मी ह्यांना कामावर.”

एकदा मी कारखान्यात गेलो होतो, तेव्हा ऑफिसच्या मागे एक अख्खी खोली कागदांच्या भेंडोळ्यांनी भरलेली दिसली. गोविंदरावांची कागदावरची ड्रॉइंगं. ती सगळी स्कॅन करून मशीनमध्ये घातलेली होती. अक्कांना नवी ग्राइंडिंग मशीन घ्यायची होती आणि जागा नव्हती. त्यांनी मला विचारलं, “ह्ये ठेवायचं का काढायचं, अण्णा? तुमी सांगा.”

मी म्हणालो, “काढा की. सगळं आत आहे, आणि त्याची दुसरी प्रत आमच्याकडे आहे.”

त्यांनी कागद काढले. मी सांगितलं म्हणून.

आता मृणालबद्दल. नागपूरची, तिशी ओलांडलेली, आधी दोन कंपन्यांत काम करून आमच्याकडे आलेली. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी चालायचं, पण आम्ही दोघंच असलो की ती माझ्याशी मराठीत बोलायची. तिच्या बोलण्यात ते नागपुरी ‘न’ असायचं. “सर, सांगा न.” कामाला फार चोख होती. आणि विचारायची. समजलं नाही तर विचारायचीच, समजलं असलं तरी एकदा खात्री करून घ्यायची. काहींना त्याचा त्रास व्हायचा. मला नाही व्हायचा. निदान मला तसं वाटायचं.

माझी ती फाइल तिच्याकडे आली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात सव्वीस अटी मोजल्या.

“सर, हे तुम्हीच शिकवता न, असं करू नये म्हणून?”

“शिकवतो म्हणूनच माहितीय किती वाईट आहे ते,” मी म्हणालो. “कर सरळ.”

तिनं ते काम दोन आठवडे घेऊन केलं. सव्वीस पायऱ्या एकत्र बांधल्या, वर एकदाच अट लिहिली. आधी चाचणीच्या मशीनवर चालवून पाहिली. जुन्या फाइलनं जे व्हायचं तेच नव्या फाइलनं होतंय, तसूभरही वेगळं नाही, हे तपासलं. सरळ करताना वागणं बदलायचं नाही हा या कामातला मुख्य नियम, आणि तो तिनं पाळला. म्हणूनच एक पायरी तिला खटकली.

सत्ताविसावी पायरी. ‘डी ड्राइव्हवरच्या तीस दिवसांत न उघडलेल्या फाइल पुसून टाक.’ ऑफिसच्या मशीनवर डी ड्राइव्ह हा कचऱ्याचा कोपरा होता, तात्पुरत्या फाइल तिथे साठायच्या आणि मशीन मंद व्हायचं. ती पायरी मी कैक वर्षांपूर्वी एका सीएच्या तक्रारीवरून घाईत घातली होती. वरची पायरी उचलून खाली चिकटवताना शेवटची एक ओळ उचलायची राहिली होती. ती ओळ म्हणजे अट.

त्यानं काही बिघडलं नव्हतं, कारण तेव्हाच्या ड्रॉइंगच्या मशीनना डी ड्राइव्हच नव्हता. पायरी तिथे यायची, पुसायला काही सापडायचं नाही, पुढे जायची.

मृणालनं मला लिफ्टपाशी गाठलं. मला एका ग्राहकाकडे जायचं होतं, हातात हेल्मेट होतं.

“सर, एक मिनिट. त्या पुसायच्या पायरीला अट नाहीये. बाकी सगळ्यांना आहे. मुद्दाम नाही लावली, की राहिली?”

लिफ्ट येत होती. मला आठवलं नाही. आठवायचा प्रयत्नही केला नाही. खरं सांगायचं तर मनात एक लहानशी टोचणी आली, की राहिलीच असेल. पण राहिली म्हटलं तर मग बघायला हवं, बदलायला हवं, पुन्हा चाचणी. आणि माझ्या हातून राहिली हे मान्य करायला हवं, ज्यानं फळ्यावर शिकवलं त्यानं.

“मुद्दामच असेल,” मी म्हणालो. “इतकी वर्षं चाललंय ना? राहू दे.”

“बरं सर,” ती म्हणाली.

तिनं ती पायरी जशी होती तशी, अटीच्या बाहेर, फाइलच्या शेवटी ठेवली. आणि तिच्यावर एक टीप लिहिली: ‘या पायरीला अट नाही. ती मुद्दाम वगळली आहे असं कळतं.’ कुणाकडून कळतं ते लिहिलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी पीण्यातल्या ग्राहकांना ड्रॉइंगची नवी मशीन आली. वेगवान, दोन डिस्कवाली. आमच्याच माणसांनी लीलाअक्कांची सगळी ड्रॉइंगं दुसऱ्या डिस्कवर हलवली आणि जुनी मशीन पुसून देऊन टाकली. ती डिस्क म्हणजे डी ड्राइव्ह. पुढच्या शनिवारी दुपारी फाइल चालली. अडीचला अक्कांचा फोन आला.

“झालं काय अण्णा तुमचं?”

“झालं, अक्का,” मी म्हणालो.

त्या महिन्यात जी ड्रॉइंगं उघडलेली होती, चालू कामातली, ती शाबूत होती. त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दोन आठवड्यांनी एका जुन्या ग्राहकाचा डाय दुरुस्तीला आला, पंधराएक वर्षांपूर्वी बनवलेला. त्याचं ड्रॉइंग काढायला गेले तर फोल्डर रिकामं. शेजारचं रिकामं. त्याच्या शेजारचंही.

अक्कांचा फोन मंगळवारी सकाळी आला. त्यांचा फोन मंगळवारी कधी येत नसे.

“अण्णा, ह्यांची ड्रॉइंगं दिसेनात.”

“दिसतील, अक्का. फोल्डर हललं असेल. बघतो.”

“स्वल्प लवकर बघा की.”

मी बघितलं. मग बॅकअप बघितला. आमचा बॅकअप सात दिवसांचा असायचा. रोज मशीनवर जे आहे त्याची प्रत, आठव्या दिवशी पहिली प्रत जाते. दोन आठवडे रिकाम्या फोल्डरांच्याच प्रती निघत गेल्या होत्या आणि भरलेल्या फोल्डरांची एकही उरली नव्हती. पुसलेल्या फाइल परत मिळवून देणाऱ्या एका तज्ज्ञाकडे डिस्क पाठवली. थोडी ड्रॉइंगं परत आली, नावं हरवून, काही अर्धी, रेघा मध्येच तुटलेल्या. बाकीची गेली.

कारण शोधायला मला एक तास लागला. मृणालला त्याहून कमी लागला असणार, कारण मी वर पाहिलं तेव्हा ती आपल्या जागेवर हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आमचे मॅनेजर श्रीधर, वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर वरून दबाव होता आणि त्यांना लेखी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी फाइल मोठ्या पडद्यावर लावली. अशा फाइलच्या प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं नाव दाखवता येतं. त्यांनी ते दाखवलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीपुढे एकच नाव होतं. मृणाल.

बाहेरच्यांना हे समजावून सांगायला हवं. पायऱ्या एका अटीखाली बांधायच्या तर त्यांच्या ओळी चार घरं आत सरकवाव्या लागतात. ओळ सरकली की बदलली असं धरतात. आणि पुसायची पायरी तिनं खाली नेऊन ठेवली होती, म्हणून तिथेही तिचंच नाव. तिच्या मागे, आधीच्या नोंदींत, माझं नाव होतं. दोन बटणं दाबली असती तर दिसलं असतं. कुणी दाबली नाहीत. मीही नाही.

“हे तू लिहिलंस?” श्रीधरनी ती टीप दाखवून विचारलं.

“हो.”

“म्हणजे अट नाही हे तुझ्या लक्षात आलं होतं.”

“हो. मी विचारलं होतं.”

“कुणाला?”

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, “टीममध्ये.”

तिनं माझं नाव घेतलं नाही. ती मला जागा करून देत होती, मी आपणहून बोलेन म्हणून. एवढं मला त्याच क्षणी कळलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. खोलीत सहा जण होते. त्यांतल्या चौघांना मीच शिकवलं होतं.

मी म्हणालो, “फाइल फार जुनी आहे. तिला पुष्कळ जणांचे हात लागलेत.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते नंतर खूपदा तपासून पाहिलं आहे.

श्रीधरनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मृणाल पडद्याकडे बघत राहिली.

तिला कुणी ओरडलं नाही, हाकललं नाही. आधी तिला त्या कामावरून काढलं. मग दुसरं काम दिलं नाही. दोन महिन्यांनी श्रीधरनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि तिनं राजीनामा दिला. आमच्याकडे असंच होतं.

जाण्याआधी काम दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागतं. ती फाइल कुणाकडे द्यायची? जुना माणूस म्हणून माझ्याकडे. तर मृणालनं माझ्या शेजारी खुर्ची ओढून मला माझीच फाइल समजावून सांगितली. अर्धा तास, एकेक ओळ. आवाज नेहमीसारखा.

“हे वर, सर, मशीन कोणत्या जातीचं ते एकदा ठरवलं. त्याला नाव दिलं. खाली कुठेही अट पुन्हा लिहायची नाही. सत्ताविसावी पायरीपण आता आतच आहे. नवीन काही घातलं तर आतच घाला, बाहेर नको.”

“बरं,” मी म्हणालो.

“काही विचारायचं आहे, सर?”

मला विचारायचं होतं की तू नाव का नाही घेतलंस. मी म्हणालो, “नाही. सगळं स्पष्ट आहे.”

“मग येते,” ती म्हणाली. लॅपटॉप जमा करायला गेली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. ती खाली बेकरीसमोरून रिक्षात बसताना दिसली.

त्यानंतर एका शनिवारी मी मेट्रोनं पीण्याला गेलो. कंपनीनं पाठवलं नव्हतं. लीलाअक्का ऑफिसात नव्हत्या, कारखान्यात होत्या. जुने डाय एका टेबलावर मांडले होते. अक्का स्वतः व्हर्नियरनं मापं घेऊन मोठ्यानं सांगत होत्या आणि ड्राफ्ट्समन लिहून घेत होता. ज्या डायचे नमुने ग्राहकांकडे होते ते मागवून घेतले होते. ज्यांचे नव्हते ते सोडून दिले होते.

“मापं मिळतील अण्णा,” अक्का म्हणाल्या. “त्यांनी कडेला लिवलेलं नाही मिळायचं. कुठं पत्रा अडकतो, कुठं बोट जातंय. त्ये आता पुन्हा कळायला पाहिजे.”

पुन्हा कळायला पाहिजे म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही.

मी म्हणालो, “अक्का, चूक माझी होती. ती ओळ लिहायची माझ्याकडून राहिली. आणि कागद काढा म्हणून मीच सांगितलं होतं.”

त्यांनी व्हर्नियर खाली ठेवला. “ती पोरगी येऊन गेली की. मृणाल. तीपण हेच बोलली. चूक माझी, अक्का, मी आणखी एकदा विचारायला पाहिजे होतं म्हणून. रडली हितं बसून.” मग म्हणाल्या, “कुणाची का असंना. तुमी दोघं येऊन बोलून जाताय. त्यांचं अक्षर येतंय का परत?”

त्यांनी मला कॉफी दिली, ती मी प्यायलो. परतीच्या मेट्रोत मला कळलं की पीण्यात खरं बोलायला माझं काही जात नव्हतं. म्हणून मी ते तिथे बोललो होतो.

अक्कांनी वर्षाच्या शेवटी आमचं काम बंद केलं. कारखाना चालू आहे असं ऐकतो. शनिवारी अडीचला फोनकडे बघायची सवय मला निवृत्त होईपर्यंत राहिली.

निवृत्तीनंतर तीन आठवड्यांनी मी श्रीधरना सगळं लिहून पाठवलं. कोणत्या वर्षी ती पायरी घातली, मृणालनं कुठे विचारलं, मी काय उत्तर दिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, ते प्रकरण बंद झालेलं आहे, तब्येतीला जपा.

मग मृणालला फोन केला. ती आता दुसऱ्या एका कंपनीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई नागपूरहून आलीय, तिला बनशंकरीच्या देवळात यायचंय, तेव्हा भेटू म्हणाली. आमचं घर तिथून जवळच. देवळाजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही कॉफी घेतली. आई लिंबाचे दिवे लावणाऱ्यांच्या रांगेत होती.

मी तिला पत्राबद्दल सांगितलं. उशीर झाला, पण लिहिलं. ती ऐकत होती. नवीन नोकरीबद्दल विचारलं तर म्हणाली, ठीक आहे. तिथे ती तोंडी काही विचारत नाही, जे काय ते लिहून विचारते आणि उत्तर लिहून आल्याशिवाय हलत नाही. लोक तिला जरा तुसडी समजतात.

मग म्हणाली, “सर, एक विचारू?”

“विचार ना.”

“त्या मीटिंगमध्ये तुम्हाला आठवत होतं? लिफ्टपाशी मी विचारलं होतं ते?”

मला वाटलं होतं हे तिला माहीतच आहे. मी म्हणालो, “हो.”

“तेव्हाच? की नंतर आठवलं?”

“तेव्हाच. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा.”

तिनं कॉफीचा पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही विसरले. दिवसाला पन्नास जण तुम्हाला काही न काही विचारतात, कोण लक्षात ठेवील. माझा नवरा म्हणायचा, बुढ्ढ्यानं फसवलं तुला. मी त्याच्याशी भांडायची. आईशी भांडली. म्हटलं, नाही न, सर तसे नाहीत, त्यांना आठवलंच नसेल.” तिनं रांगेतल्या आईकडे पाहिलं. “दीड वर्ष मी तुमची बाजू घेत होती, सर.”

मी तिचं ओझं हलकं करायला गेलो होतो. तिनं माझ्याबद्दल जे एक चांगलं मत जपलं होतं, तेवढंच काढून घेऊन आलो.

आई आली. मृणालनं माझी ओळख करून दिली, “हे आमच्या आधीच्या ऑफिसातले.” आईनं माझ्याकडे नीट बघून नमस्कार केला आणि प्रसादाची फुलं दिली. त्या दोघी बसस्टँडकडे गेल्या.

मंडळाच्या अंकासाठी हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी तिला फोन करून परवानगी मागितली.

“लिहा,” ती म्हणाली. “नाव बदला माझं. अक्कांचंपण बदला. आणि सर, शेवटी मी तुम्हाला माफ केलं असं काही लिहू नका. ते मी अजून ठरवलं नाहीये.”

मी बरं म्हणालो. दोघींची नावं बदलली आहेत.